मुलावर भरवसा टाकणारी पुस्तकं



ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, ते आयुष्यभर शिक्षक होते. तेव्हा पुस्तकांवर बोलणं इथे ओघानंच आलं. संयोजकांनी मला विषय दिला तो असा : पाचवी ते आठवीच्या मुलांनी काय वाचावं? विषय साधा वाटतो, पण त्यात एक गोम आहे. या प्रश्नाचं उत्तर प्रत्येकाच्या खिशात तयार असतं. आपण लहानपणी जे वाचलं तेच आजच्या मुलांनी वाचावं, असं निम्म्या लोकांना वाटतं. उरलेल्या निम्म्यांना आपण जे वाचायचं टाळलं ते मुलांनी वाचावं असं वाटतं. पालकांना तर यादी हवी असते. दहा-वीस नावांची, फोनवरून पुढे ढकलता येईल अशी. यादी मी देणार आहे, तुम्हाला रिकाम्या हातानं पाठवणार नाही. पण यादीआधी कसोटी सांगावी लागते, नाहीतर यादी म्हणजे नुसती खरेदीची चिठ्ठी होते.

माझी कसोटी एका वाक्यात सांगतो. या वयाच्या मुलाला पुस्तक देताना ते मुलाला काय शिकवतं हे दुसऱ्यांदा विचारा. पहिल्यांदा विचारा की हे पुस्तक मुलावर किती भरवसा टाकतं. आज जे काही बोलणार आहे ते याच एका गोष्टीभोवती.

हा वाचक कोण, ते आधी पाहू. दहा ते चौदा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी. अक्षरं जुळवण्याचा खटाटोप संपलेला, निदान संपलेला असायला हवा. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावं, त्यात वर्तमानपत्रं, मासिकं आणि गोष्टींचीही पुस्तकं असावीत, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. हा कायदा आठवीपर्यंतचा, म्हणजे आपला वाचक त्याच्या आवाक्यात पूर्णपणे येतो. पण याच वर्षांत पाठ्यपुस्तकं जाड होतात, शिकवण्या सुरू होतात, फोन हाताशी येतो. आणि आणखी एक गोष्ट होते : मुलाचं खासगी आयुष्य सुरू होतं. घरच्यांना न सांगण्याजोगी पहिली भीती, पहिली लाज, पहिला राग याच काळातला. अशा वेळी आपण त्याच्या हातात काय देतो? बक्षीस समारंभातली थोरांची चोवीस पानी चरित्रं, नाहीतर प्रत्येक गोष्टीखाली चौकटीत तात्पर्य छापलेलं पुस्तक. तात्पर्य छापणाऱ्याचा मुलावर भरवसा नसतो. गोष्ट त्याला कळणार नाही, किंवा कळली तरी भलतीच कळेल, अशी त्याला धास्ती असते.

ही धास्ती जुनी आहे. मराठीतलं ‘बालबोधमेवा’ हे मुलांचं नियतकालिक १८७३ साली मिशनऱ्यांनी काढलं. १९०६ मध्ये वासुदेव गोविंद आपट्यांनी ‘आनंद’ सुरू केला. मुलांना चांगलं वळण लागावं, ज्ञान मिळावं, हा या सगळ्या खटपटीमागचा हेतू होता आणि त्या काळात तो मोलाचा होता. पण मुलांच्या मासिकांनी त्या हेतूपलीकडचं एक काम न बोलता केलं. त्यांनी दर महिन्याला वाट पाहायला लावली. ओळखीचा नायक पुन्हा भेटायला येणार, ही वाट. बंगालमध्ये उपेंद्रकिशोर राय यांनी १९१३ साली ‘संदेश’ काढलं, त्यांचे नातू सत्यजित राय यांनी १९६१ मध्ये ते पुन्हा सुरू केलं, आणि १९६५ मध्ये त्याच मासिकात फेलूदा जन्माला आला. सिनेमाच्या जगात नाव झालेला माणूस मुलांच्या मासिकासाठी गुप्तहेरकथा लिहीत होता, आणि त्या मन लावून लिहीत होता. आपल्याकडे भा. रा. भागवतांनी पन्नाशीच्या दशकात ‘बालमित्र’ चालवलं. बालभारतीनं नोव्हेंबर १९७१ मध्ये ‘किशोर’ सुरू केलं, ते आजही निघतं, आणि त्याचे जुने अंक आता संगणकावर कुणालाही फुकट वाचता येतात. मधल्या इयत्तांचा मराठी वाचक घडवण्यात या मासिकांचा वाटा पुस्तकांइतकाच आहे. म्हणून माझ्या यादीतली पहिली नोंद पुस्तकाची नाही : घरात एक मासिक मुलाच्या नावावर येऊ द्या. पाकिटावर त्याचं नाव असू द्या.

आता पुस्तकं. माझी यादी इयत्तेप्रमाणे लावलेली नाही. एकाच वर्गात एक मूल जाड कादंबरी संपवतं आणि शेजारचं मूल परिच्छेदावर अडखळतं, हे इथल्या शिक्षकांना मी सांगायला नको. म्हणून मी ती भुकेप्रमाणे लावली आहे.

पहिली भूक वेगाची. इथे मराठीत पहिलं नाव फास्टर फेणेचंच. फुरसुंगीचा बनेश फेणे पुण्याच्या विद्याभवनात शिकायला येतो आणि भागवत त्याला विसाच्या आसपास पुस्तकांतून पळवतात, प्रतापगडापासून काश्मीरपर्यंत. त्याचं शरीर काडीसारखं आहे, ताकद म्हणावी तर नाही. आहे ती सायकल, चौकस नजर आणि तोंडातून निघणारा तो ‘ट्टॉक्’. भागवतांनी केलेली गोष्ट आज सोपी वाटते, पण ती सोपी नव्हती. त्यांनी मुलाला प्रसंगाच्या मधोमध उभं केलं आणि मोठ्या माणसांना बाजूला सारलं. बनेशला निर्णय स्वतः घ्यावे लागतात. चुकले तर निस्तरावे लागतात. शेवटी कुणी आजोबा येऊन यातून काय शिकायचं ते सांगत नाहीत. याच भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणला, आणि ‘बिपिन बुकलवार’ नावाचा पुस्तकवेडा नायकही दिला. पुस्तकं वाचणारा मुलगा साहसी असू शकतो, ही कल्पना पुस्तकांच्या बाजूनं केलेल्या कितीतरी भाषणांपेक्षा जास्त उपयोगी आहे. माझ्या या भाषणापेक्षाही.

फेणे संपला की फेलूदा. अशोक जैन यांनी केलेले त्याचे मराठी अनुवाद ओघवते आहेत. मग भालबा केळकरांनी मराठीत आणलेला शेरलॉक होम्स. आणि ज्यांना जादू हवी त्यांच्यासाठी ‘हॅरी पॉटर आणि परीस’ मराठीत आहेच. या फळीवर ‘हे काय वाचतोस?’ असं म्हणण्याचा मोह मोठ्यांना फार होतो. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. आज जे आजोबा नातवाच्या वाचनाबद्दल नाक मुरडतात, त्यांच्यातल्या कित्येकांनी झुंजार आणि काळा पहाड पाठ्यपुस्तकात लपवून वाचलेले आहेत. लपवून वाचलेलं पुस्तकही वाचलेलंच असतं. वेगाच्या पुस्तकांनी मुलाची नजर ओळीवरून धावायला शिकते, आणि नजर धावायला लागल्याशिवाय पुढची कुठलीच फळी त्याच्या हाती लागत नाही.

दुसरी भूक हसण्याची. दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे हा खोड्या करणारा आणि त्याच वेळी अन्याय दिसला की मध्ये पडणारा मुलगा आहे. या पुस्तकाला २०११ साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. पण माझ्या दृष्टीनं त्याचं खरं पुरस्कारपत्र म्हणजे ग्रंथालयात सुटलेली त्याची शिवण. ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या आणि त्यांचीच चिंगी आज जरा जुन्या वळणाच्या भाषेत बोलतात, पण मोठ्यानं वाचून दाखवलं तर अजून हशा मिळवतात. सोव्हिएत काळात मॉस्कोहून छापून आलेलं, व्हिक्टर द्रागून्स्कींचं ‘देनिसच्या गोष्टी’ मराठीत अनिल हवालदारांमुळे आलं. मॉस्कोतला देनिस आणि आपल्या वाड्यातला किंवा वस्तीतला कुठलाही उपद्व्यापी मुलगा यांच्यात फरक फक्त हवामानाचा आहे. आणि सातवीपासून पुढे मुलांना थेट मोठ्यांचा विनोद द्यायला हरकत नाही : चिं. वि. जोशींचा चिमणराव, द. मा. मिरासदार, शंकर पाटील. विनोद कळायला जे लागतं, म्हणजे माणूस बोलतो एक आणि करतो एक हे ओळखणं, ते या वयात मुलांना नुकतंच दिसायला लागलेलं असतं. घरातच दिसतं.

इथे थोडं थांबतो, कारण एका मुलाबद्दल यादी करणारे बोलत नाहीत. सहावीत आहे, पण वाचनात मागे आहे. किंवा इंग्रजी माध्यमात आहे. मराठी फाडफाड बोलतो आणि छापील मराठी पाहिली की घाबरतो. किंवा अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळेत रविवारी जातो. अशा मुलाला आपण काय करतो? ‘सोपं’ म्हणून त्याच्या हातात पाच वर्षांच्या मुलाचं ससा-कासवाचं पुस्तक देतो. त्याला ते झोंबतं. त्याची जीभ अडखळते म्हणून त्याची अक्कल लहान झालेली नसते. त्याला मजकूर त्याच्या वयाचा हवा आणि तुकडे लहान हवेत. बोक्या आणि देनिस इथे कामाला येतात, कारण त्यांच्या गोष्टी एका बैठकीत संपतात. माधुरी पुरंदरे आणि नंदिता वागळे यांनी संपादित केलेलं ‘वाचू आनंदे’ तर याच कामाचं आहे. त्याचे बाल आणि कुमार असे दोन गट आहेत. मराठीतल्या चांगल्या लेखकांचे वेचे आणि सोबत भारतीय चित्रकलेचे नमुने. मुलाला तिथे संतांपासून आजच्या लेखकांपर्यंत सगळे भेटतात, आणि कुणीही त्याला लहान समजून बोलत नाही. आणि सगळ्यात जुना उपाय : पहिली वीस पानं तुम्ही मोठ्यानं वाचून दाखवा. आठवीच्या मुलालाही. ऐकायला त्याला आवडतं. आवडतं हे तो कबूल करणार नाही इतकंच.

आता एका पुस्तकाबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. प्रत्येक यादीत ते पहिलं असतं आणि बहुतेक मुलं ते अर्ध्यावर सोडतात. ‘श्यामची आई’. साने गुरुजींनी त्याचा मोठा भाग १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिला. आचार्य अत्र्यांनी त्यावर १९५३ मध्ये चित्रपट काढला, त्याला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं. आपण हे पुस्तक संस्काराची गोळी म्हणून देतो. वाढदिवसाला देतो, आणि देताना चेहरा गंभीर करतो. मुलगा समजतो ते समजतो.

पण ते पुस्तक काय आहे ते एकदा पुन्हा उघडून पाहा. ती कोकणातल्या एका कर्जबाजारी होत गेलेल्या कुटुंबाची गोष्ट आहे. नांदत्या घरातून वेगळं व्हावं लागतं, झोपडीवजा घरात राहावं लागतं, सावकाराचा माणूस दारात येऊन घरातल्या बाईचा अपमान करतो, घरादारावर जप्ती येते, आणि आई मरते तेव्हा मुलगा जवळ नसतो. आई कायम गोड बोलणारी नाही. पोहायला घाबरून लपलेल्या श्यामला ती झोडपून काढते. ओझं उचलता न येणाऱ्या म्हाताऱ्या महारणीला हात देण्यासाठी ती त्याला पाठवते तेव्हा गाव काय म्हणेल हे तिला पक्कं माहीत असतं. गरिबी म्हणजे काय, कर्ज घरात कसं शिरतं, चारचौघांत बापाची मान खाली गेली की मुलाला काय होतं, हे या पुस्तकाइतकं सरळ मराठीत फार थोड्या ठिकाणी लिहिलेलं आहे. आजच्या शेतकरी कुटुंबातल्या सातवीच्या मुलीला यातलं काय परकं आहे? परकं आहे ते आपलं प्रवचन. गुरुजींनी तुरुंगात बसून मुलांवर केवढा भरवसा टाकला. आपण मधे उभे राहून तो अडवला. हे पुस्तक जरूर द्या. फक्त देताना ‘यातून चांगलं वळण लागेल’ असं म्हणू नका. ‘यात एका घराचं कर्ज आहे, वाच’ एवढंच म्हणा.

याच्या शेजारी मी प्रकाश नारायण संतांचा लंपन ठेवीन. ‘वनवास’, ‘शारदासंगीत’, ‘पंखा’ आणि ‘झुंबर’ ही चार पुस्तकं. बेळगावकडच्या एका लहान गावात, आईवडील आणि भावंडांपासून दूर, आजी-आजोबांपाशी राहणारा हा मुलगा. भाषेत कानडीचा हेल. ही पुस्तकं मुलांसाठी म्हणून लिहिलेली नाहीत, तरी मी ती सहावीच्या पुढच्या मुलाला बिनदिक्कत देतो. लंपनला सगळं कळत नाही. मोठी माणसं अर्धवट बोलतात, त्याला त्यातलं अर्धं ऐकू येतं, आणि उरलेलं तो स्वतःच्या डोक्यात रचतो. सुमी नावाच्या मुलीबद्दल आपल्याला नेमकं काय वाटतं ते त्याला सांगता येत नाही. वाचणाऱ्या मुलालाही सगळं कळणार नाही. न कळू द्या. पुस्तकातला प्रत्येक शब्द कळलाच पाहिजे ही परीक्षेची अट आहे. वाचनाला ती लावायचं कारण नाही.

तिसरी भूक म्हणजे दुःखाची. हो, मुलांना दुःख हवं असतं. ते त्यांना खोटं नको असतं इतकंच. मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांच्या ‘द यर्लिंग’ला १९३९ मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळालं. राम पटवर्धनांनी त्याचं ‘पाडस’ केलं आणि ते मराठीतलंच पुस्तक झालं. फ्लॉरिडाच्या रानातला ज्योडी नावाचा मुलगा हरणाचं पाडस पाळतो. पाडस मोठं होतं आणि पिकं खाऊ लागतं. त्या घरात पीक गेलं तर उपास आहेत. शेवटी ज्योडीला स्वतःच्या पाडसावर बंदूक चालवावी लागते. काही पालक विचारतात, हे कशाला द्यायचं मुलाला? मी म्हणतो, यात वाईट माणूस एकही नाही. बापाचं चुकलेलं नाही, मुलाचं चुकलेलं नाही, पाडसाचं तर नाहीच. चूक कुणाचीच नसताना नुकसान होतं, ही गोष्ट मुलाला कधीतरी कळणार आहे. ती पहिल्यांदा पुस्तकात कळली, तर पान मिटून ठेवायची सोय असते. ल. म. कडूंचं ‘खारीचा वाटा’, २०१७चा बालसाहित्य पुरस्कार मिळालेलं, हेही इथलंच : धरणासाठी गाव सोडावं लागणाऱ्या मुलाची नजर. आपल्या नळाचं पाणी कुणाच्या गावावरून येतं, हा प्रश्न शहरातल्या मुलांसमोर त्याशिवाय येतच नाही. आणि अ‍ॅन फ्रँकची डायरी आठवीच्या हाती जायलाच हवी. लिहिणारी मुलगी वाचणाऱ्यांच्याच वयाची आहे.

चौथी भूक खऱ्याची. ‘हे खरंच झालं?’ हा प्रश्न या वयात सतत येतो. वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ १९८१ साली आलं आणि तेव्हापासून किती घरांत पोचलं याची मोजदाद नाही. अमेरिकेत गुलामीत जन्मलेला, आईचा ठावठिकाणा हरवलेला मुलगा वनस्पतिशास्त्रज्ञ होतो आणि टस्कीगीच्या खचलेल्या मातीवर भुईमूग घेऊन उभा राहतो. हे पुस्तक मुलाला प्रयोगशाळेत नेतं, नुसत्या पुतळ्यासमोर उभं करत नाही. अनु बंदोपाध्यायांचं ‘बहुरूप गांधी’, अनुवाद शोभा भागवतांचा, त्याच जातीचं. त्यातला गांधी शिंपी आहे, चांभार आहे, आचारी आहे, शिक्षक आहे, कैदी आहे; प्रत्येक प्रकरण एका कामाचं. ते वाचून मूल गांधींना नमस्कार करण्याऐवजी ‘मला बटण लावता येतं का?’ असं विचारतं. विलास मनोहरांचं ‘नेगल’ हेमलकशातल्या बिबट्याच्या पिल्लाबद्दल आहे. जनावरांवर प्रेम करणं म्हणजे त्यांना बाहुली समजणं नव्हे, हे त्यात सांगावं लागत नाही, दिसतं.

विज्ञानाचं काय? १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ नावाची कथा आली. लेखकाचं नाव नारायण विनायक जगताप. कथेला बक्षीस मिळालं आणि मग कळलं की हे जगताप म्हणजे जयंत विष्णु नारळीकर, आद्याक्षरं उलटी करून लिहिणारे. जगभर नाव असलेल्या खगोलशास्त्रज्ञाला आपली कथा नावाच्या वजनाशिवाय उभी राहते का, हे पाहायचं होतं. मुलांना ‘यक्षांची देणगी’ देताना ही हकीकत आधी सांगा. आणि ज्यांना वाचण्यापेक्षा हातानं करणं आवडतं त्यांच्यासाठी अरविंद गुप्तांची खेळण्यांची पुस्तकं. काडेपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूब आणि रिकाम्या बाटल्यांतून विज्ञान शिकवणारी ही पुस्तकं त्यांनी सगळ्यांसाठी मोफत खुली ठेवली आहेत, मराठीतही. वाचनाचा कंटाळा असलेला मुलगा कृती समजून घेण्यासाठी पानभर मजकूर तीनदा वाचतो. त्यालाही वाचन म्हणायचं.

माझ्या यादीकडे आता जरा वाकडी नजर करून पाहा. फेणे, बोक्या, गोट्या, देनिस, लंपन : सगळे मुलगे. ही मराठीची जुनी खोड आहे. म्हणून मुलींच्या गोष्टींची मुद्दाम भर घालावी लागते. लुईझा मे अल्कॉटच्या ‘लिटल विमेन’चं शांता शेळक्यांनी केलेलं ‘चौघीजणी’, तेत्सुको कुरोयानागींचं ‘तोत्तोचान’, संगीता बर्वे यांची ‘पियूची वही’. ‘तोत्तोचान’ची गंमत अशी की चेतना सरदेशमुख गोसावी यांच्या अनुवादामुळे ते आपल्याकडे शिक्षकांचं आवडतं पुस्तक झालं आणि मुलांपर्यंत जायचं राहिलं. रेल्वेच्या डब्यात भरणारी शाळा आणि नव्या मुलीचं बोलणं चार तास ऐकत बसणारे मुख्याध्यापक कोबायाशी. हे मुलांनी वाचलं तर ती आपल्या शाळेकडे बघून प्रश्न विचारतील, या भीतीनं तर आपण ते कपाटात ठेवलं नाही ना? आणि ही पुस्तकं मुलींना द्या असं मी म्हणत नाही. मुलग्यांना द्या. मुली फेणे वाचतच आल्या आहेत.

दुसरी वाकडी नजर. यादीतले बरेचसे मुलगे शहरातले, वाड्यातले, शिकलेल्या घरातले आहेत. वाडी-वस्तीवरच्या, पालावरच्या, जंगलातल्या मुलांना या पुस्तकांत आपलं घर सापडत नाही. बालसाहित्यात ही जागा आता भरते आहे. सलीम सरदार मुल्ला यांच्या ‘जंगल खजिन्याचा शोध’ला, आबा महाजनांच्या ‘आबाची गोष्ट’ला अकादमीनं पुरस्कार दिले ते याचंच लक्षण. पण तोवर मुलानं वाट का पाहावी? मोठ्यांच्या कपाटात त्याचं जग केव्हापासून आहे. नरेंद्र जाधवांचं ‘आमचा बाप आन् आम्ही’ आठवीतल्या मुलाला सहज वाचता येतं.

आणि इथेच मी माझ्या शेवटच्या फळीवर येतो. पाचवी ते आठवीसाठी मराठीत पुस्तकंच नाहीत अशी तक्रार सारखी ऐकू येते. तक्रारीत तथ्य आहे, पण अर्धं. या वयासाठी लिहिलेली पुस्तकं थोडी आहेत. या वयाला पेलणारी पुष्कळ आहेत. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ घ्या. कोवळ्या वयाचा एक मास्तर माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर येतो, पोरं शाळेत येत नाहीत, तो गावाला तालीम बांधायला लावतो, आणि मग दुष्काळ येतो. वाक्यं लहान, चित्र लख्ख. सातवीच्या मुलाला त्यात अडखळण्यासारखं काही नाही. त्याच लेखकाचं ‘सत्तांतर’ वानरांच्या टोळ्यांबद्दल आहे. सत्तेसाठी होणारी हिंसा त्यात न लपवता येते, आणि वर्गातल्या दादागिरीवर बोलायचं असेल तर त्यासारखं निमित्त नाही. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मधली वडिलांच्या सोवळ्याची प्रकरणं मुलं हसत हसत ऐकतात, आणि हसता हसता त्या घरातल्या बायकांचं काय होत असेल याकडे येतात. प्रभाकर पेंढारकरांचं ‘रारंग ढांग’ हिमालयात रस्ता बांधणाऱ्यांचं. हुकूम पाळायचा की मनाला पटेल ते करायचं, हे भांडण चौदाव्या वर्षी जितकं जवळचं वाटतं तितकं नंतर वाटत नाही.

कुणी विचारेल, मग मिलिंद बोकिलांचं ‘शाळा’ही द्यायचं का? त्यातला मुलगा नववीत आहे, प्रेमात पडतो, आणि बाहेर आणीबाणी आहे. माझं उत्तर असं : तुमच्या आठवीतल्या मुलीनं ते आपणहून उचललं असेल तर हिसकावू नका. तुम्हीही वाचा, आणि तिला बोलावंसं वाटलं तर बोला. मोठ्यांच्या कपाटातून मूल जे पुस्तक स्वतः काढतं, ते पेलण्याचा अंदाज त्यालाही असतो. न पेलणारं पुस्तक मुलं खाली ठेवतात. तिथे आपण मोठी माणसं कमी पडतो. आपण कंटाळवाणं पुस्तकही लाजेखातर शेवटपर्यंत धरून बसतो.

आता करायचं काय, ते सांगतो आणि थांबतो.

एक : जे पुस्तक तुम्ही वाचलेलं नाही त्याची शिफारस करू नका. मुलाला ते लगेच कळतं. ‘चांगलं आहे, वाच’ आणि ‘यातलं भुयाराचं प्रकरण वाचलंस की मला सांग’ या दोन बोलण्यांत तुमच्या वाचनाचा सगळा हिशेब उघडा पडतो. शिक्षकांनी वर्षाला चार बालकुमार पुस्तकं वाचली तरी शाळेचं वातावरण बदलेल, आणि ती वाचायला फार वेळ लागत नाही.

दोन : पुस्तक अर्ध्यावर सोडण्याची मुभा द्या, आणि संपवल्यावर परीक्षा घेऊ नका. सारांश लिही, लेखकाचा परिचय लिही, बोध लिही, ही वाचनाची शिक्षा आहे. वाचलेल्या पुस्तकावर मूल एक वाक्य बोललं तर ऐका. काहीच बोललं नाही तर दुसरं पुस्तक पुढे करा.

तीन : शाळेचं कपाट उघडं ठेवा. पुस्तकं हरवतील, फाटतील, हे धरून चला. हिशेबात चोख आणि बारा महिने कुलपात असलेली पुस्तकं कुणाच्याच नावावर वाचली गेली म्हणून लागत नाहीत. खरेदीच्या रकमेतला एक हिस्सा मुलांच्या समितीला ठरवू द्या. ती तुम्हाला न आवडणारी पुस्तकं आणतील. त्यातली दोन वाचा. पैसे नाहीत ही अडचण खरी आहे, पण वाटा आहेत. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमानं पुस्तकांच्या पेट्या गावोगावी फिरवल्या. पाचगणीजवळच्या भिलारमध्ये २०१७च्या मे महिन्यात राज्य शासनानं पुस्तकांचं गाव उभं केलं. तिथे लोकांच्या घरात पुस्तकं आहेत आणि कुणीही आत जाऊन बसून वाचतं. पेटी फिरवायला आणि ओसरी उघडी ठेवायला मोठं अनुदान लागत नाही.

चार, आणि हे खुर्च्या कमी पडल्यामुळे पुढे सतरंजीवर बसलेल्या विद्यार्थ्यांसाठी. मी घेतलेल्या नावांपैकी तुम्ही काही वाचली असतील, काही तुम्हाला आवडली नसतील. आवडली नसतील तर तसं सांगा, आणि का ते सांगा. आम्ही मोठ्यांनी तुमच्यासाठी फार याद्या केल्या. यापुढे वर्षातून एकदा तरी तुमची यादी या व्यासपीठावरून वाचली जावी, अशी विनंती मी संयोजकांना जाहीरपणे करतो. पुढच्या वर्षीचं व्याख्यान आठवीतल्या कुणीतरी द्यावं. आम्ही सतरंजीवर बसू.